हयात कवींना थांबा नाही

बदलापूर,
५ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. सौ. संजीवनीकाकूंस,
कृ. सा. न. वि. वि.

तुमचा फोन सदा स्पीकरवर असतो आणि अर्धं बोलणं आनंदाकाकाच पळवतात, म्हणून हे पत्र. किर्ती आनंदनगरला कामावर जाता जाता देऊन जाईल.

आमची ‘कवींची वाट’ आता महिन्याच्या पहिल्या रविवारी निघते. शहराचा इतिहास कवी राहिले त्या गल्ल्यांतून सांगायचा, अशी कल्पना. परवा निर्वासितांच्या कॅम्प पाचला थांबलो. तिथे एक आजोबा पापड विकता विकता सिंधी कविता लिहायचे. त्यांच्या नातवाने सगळ्यांना चहा पाजला. मग शिवमंदिरामागची आळी आणि शेवटी तुमच्या बिल्डिंगखाली.

आमचा एकच नियम आहे, हयात कवींना थांबा नाही. आपल्याकडे दगड भिरकावला तर कवीलाच लागतो. एकाला घेतलं की चाळीस येतील आणि हातात आलेला माईक कुणी सोडणार नाही. काकांनी तीनदा विचारलं, तीनदा टाळलं. पण कारखान्यांच्या पाण्याने रोज रंग बदलणाऱ्या वालधुनी नदीवरची त्यांची कविता मला हवीच होती:

वालधुनी गं, आज कुठल्या रंगाची साडी?
काल लाल नेसलीस, कुणाच्या लग्नाला गेलीस?

म्हणून परवा, कवी आनंदा शेडगे करोनात गेले, असं सांगून टाकलं. लोक फार हळहळले. वर तुमचा पडदा हलल्यासारखा वाटला. काकांना कळू देऊ नका, रागावतील.

लोभ आहेच, या पत्रानंतरही राहू द्या.

आपला,
अभिजीत


अंबरनाथ,
७ नोव्हेंबर २०२४

चि. अभिजीत यास,
अ. उ. आ.

पडदा वाऱ्याने नाही हलला, तुझ्या कैलासवासी काकांनी हलवला. रागावतात कसले! डोळे पुसत आत आले आणि मला शिरा करायला सांगितला. आजवर यांनी कविता काढली की लोक उठून जायचे, परवा पहिल्यांदाच कुणी उभं राहून ऐकली. जगून जमलं नाही ते मरून जमलं, असं स्वतःच म्हणाले.

मला मात्र राग आला. काड्यापेटीचा कारखाना बंद पडला तेव्हा मी शिलाई मशीनवर घर चालवलं आणि हे नदीच्या साड्या बघत हिंडले. तेव्हा यांना मारायचं माझ्याही मनात कितीदा आलं, पण मी विचारून मारलं असतं.

पुढच्या खेपेसाठी पडद्याआड स्टूल मांडून ठेवलंय. खोकला आला तर तोंडात धरायला पंचाही घेतलाय. येताना आवाज जरा मोठा ठेव, मेलेल्या माणसाला कमी ऐकू येतं.

किर्तीला आशीर्वाद. तुझ्यावरची माया अजून शिल्लक आहे, जपून खर्च कर.

तुझी,
काकू


बदलापूर,
२ जानेवारी २०२५

ती. स्व. सौ. काकूंस,
कृ. सा. न. वि. वि.

हे लिहिताना संकोच वाटतो. ठाण्याचे एक गृहस्थ येत्या रविवारी कवींच्या पत्नींना शाल-नारळ देणार आहेत. तुम्ही खाली यावं. फक्त तेवढ्या वेळापुरतं कुंकू नको आणि मंगळसूत्र पदराआत असू द्या.

काकांशी फोनवर बोललो. त्यांची हरकत नाही. उलट साडी फिकी नेसायला सांग, असं तेच म्हणाले.

राग धरू नये, लोभ धरावा.

आपला,
अभिजीत


अंबरनाथ,
६ जानेवारी २०२५

चि. अभिजीत यास,
अ. उ. आ.

शाल मिळाली, टोचते. नारळ नासका निघाला.

मी कुंकू पुसणार नव्हते. काकांनी पुसलं. आरशासमोर बसवून ओल्या रुमालाने पुसलं आणि एका बाजूला जरा राहिलंय म्हणून पुन्हा पुसलं. इतक्या वर्षांत माझ्या तोंडाकडे एवढं निरखून त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

वर आले तर पहिला प्रश्न, टाळ्या जास्त कुणाला पडल्या, पापडवाल्याला की मला. त्याला, असं सांगितलं. खोटं सांगितलं. रात्री जेवले नाहीत, मला बरं वाटलं.

लोभ ठेवतोस तसा थोडा विचारही ठेव.

तुझी,
काकू


बदलापूर,
२७ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. काकूंस,

सुतक असल्याने नमस्कार लिहीत नाही.

मंगळवारी स्मशानात आम्ही मोजकेच होतो. तिथे बोलता आलं नाही ते लिहितो. व्हॉट्सअॅपवर काही टाकू नका. पेपरात बातमी नको, शोकसभाही नको. लोकांच्या लेखी काका करोनातच गेले. आता पुन्हा गेले म्हटलं तर मी खोटा पडेन आणि त्यांचा थांबाही जाईल. त्यांना काय आवडलं असतं, ते तुम्ही जाणता.

रविवारची वाट रद्द करता येत नाही, नावनोंदणी झाली आहे. मला सुतक, म्हणून वाटेवरचा माझा जोडीदार अमित गट घेऊन येईल. तुम्ही खिडकी लावून घ्या.

या दुःखातही लोभ कमी होऊ देऊ नये.

आपला,
अभिजीत


अंबरनाथ,
३ मार्च २०२५

अभिजीत,

सुतकात आशीर्वादही लिहायचा नसतो. बरं झालं.

खिडकी लावली होती. पण अमितने यांची कविता सुरू केली आणि मला घरात बसवेना. खाली गेले. घोळक्यात शिरून सांगितलं, माझा नवरा परवा मंगळवारी गेला. वर्षानुवर्षं मी त्यांना टाकून बोलले, कवितेला नावं ठेवली, आणि आता घरात नुसतं रिकामं आहे. एवढं मला मोठ्याने सांगायचं होतं. चार माणसांनी वाईट झालं म्हणावं, एवढंच हवं होतं.

अमित खाली बघत उभा राहिला. डोंबिवलीची एक मुलगी पुढे आली. तिने माझे दोन्ही हात धरले आणि लहान मुलाची समजूत काढावी तशी म्हणाली की आजी, त्यांना जाऊन आता चार वर्षं झाली. मागून कुणीतरी म्हणालं की बघा, केवढं प्रेम. मी पुन्हा सांगितलं, मंगळवारी. तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग अमितने उरलेली कविता म्हटली आणि ते पुढे गेले.

दहाव्याला ये. पिंडासमोर उभा राहून, काका आत्ता गेले, एवढं एकदा तोंडाने म्हण. लोभ तेवढ्यापुरता असला तरी चालेल.

संजीवनी