सहा बंद बाटल्या

नाशिक,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय देवराम,

तुला आणि विठाबाईला आशीर्वाद. मी बरा आहे, म्हणजे दोन वेळा जेवतो. योगेश बंगळूरहून रोज फोन करतो आणि रोज एकच विचारतो, 'पप्पा, गोळी घेतली का?' मुलगा आहे की कंपाउंडर, कळत नाही. थंडीने निफाडकडे द्राक्षाचे मणी तडकल्याचं पेपरात वाचलं. तुझी बाग वाचली का?

हातात फोन असताना दाजी पत्र काय लिहीत बसलेत, असं तुला वाटेल. फोनवर तू 'हां दाजी, बोला दाजी' म्हणतोस आणि माझी जीभच उचलत नाही.

परवा तू सांगितलंस, तोडणी उरकली की तुम्ही दोघं त्याच अमेरिकेच्या सहलीला निघणार. 'ताईनं पाह्यलं ते आम्ही बी पाहू.' मी 'वा वा' म्हणून फोन ठेवला. तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही.

सहलीचे फोटो तू पाहिलेस. विमानातला फोटो कुणी काढला नाही. सोळा तास, देवराम! आमच्यासोबत सगळे पेन्शनर. कुणाचा गुडघा, कुणाची कंबर, कुणाची शुगर. सिव्हिल हॉस्पिटलच्या बाकावर नंबर लावून बसल्यासारखं वाटत होतं. येताना खिडकीपाशी एक परका माणूस, मध्ये तुझी ताई आणि कडेला मी. मला सारखं लघवीला जावं लागतं म्हणून कडेची जागा मी घेतली होती.

सगुणाची सवय तुला ठाऊक आहे. हरसूलला मावशीकडे जायचं म्हटलं तरी एसटीत बसायच्या आधी ती पाण्याला शिवायची नाही. बाईमाणूस वाटेत उतरणार कुठे? तीच सवय तिने विमानात नेली. तिथे संडास दहा पावलांवर होता. पण मध्ये मी होतो.

एकदा म्हणाली, 'अहो, पाय लय भरून आलेत. जरा उठू का?' मी उठलो, तिला जाऊ दिलं. तासाभराने पुन्हा म्हणाली. तेव्हा मी खेकसलो. 'गप बस ना आता. लोक झोपलेत. सारखी काय उठबस?' आणि झोपेची गोळी घेऊन, पाय लांब करून झोपलो. सात तास. तिने मला हलवलं नाही. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली, मला झोपेतून तिने कधी उठवलं नव्हतं.

जागा झालो तर ती तशीच बसलेली. 'झाली का झोप?' म्हणाली. डावा पाय सुजला होता. मुंबईला उतरताना चप्पल पायात जाईना, ती हातात घेऊन लंगडत चालली. मी हसलो. म्हणालो, 'अमेरिकेचं खाणं मानवलं बरं तुला.'

गाडीने घाट चढला आणि इगतपुरीपाशी तिला श्वास घेता येईना. पुढचं तुला माहीत आहे. एक गोष्ट मात्र माहीत नाही. मी सगळ्यांना हार्ट अटॅक सांगितला. इगतपुरीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की फार वेळ एका जागी बसून पायात रक्ताची गाठ झाली असणार, ती फुप्फुसात गेली. त्यांनी विचारलं, 'मधूनमधून चालत होत्या ना? पाणी पीत होत्या ना?' मी 'हो' म्हणालो.

दहाव्याला रामकुंडावर तू माझे हात धरून रडलास. म्हणालास, 'दाजी, माझ्या ताईचं सोनं केलं तुम्ही. आपल्या घरातली पहिली बाई इमानात बसली.' मी ते ऐकून घेतलं, देवराम. नाही म्हणालो नाही. मला लाज वाटते.

गेल्या आठवड्यात तिची पर्स उघडली. आत पाण्याच्या सहा छोट्या बाटल्या निघाल्या, विमानात वाटतात त्या. तुझी नात दिशा म्हणाली होती ना, 'आत्याआजी, मला विमानातलं कायतरी आण.' फुकट मिळतात म्हटल्यावर तिने एकेक करून पोरीसाठी जपून ठेवल्या. एकीचंही झाकण फिरवलेलं नाही. त्या या पत्रासोबत पाठवतोय. पोरीला दे, तिच्या आहेत.

सहलीला जा. जायच्या आधी डॉक्टरांना दाखवा. कडेची जागा विठाबाईला दे. ती उठायचं म्हणाली की उठू दे, नाही म्हणाली तरी उठव. पाणी नको म्हणाली तर भांड, पण पाज. आणि तुला झोप लागायच्या आधी तिला सांग, मला खुशाल हलवून जागं कर. एवढं तिला तोंडाने सांग. न सांगता ती करणार नाही.

मग माझ्याशी बोलायचं की नाही ते तू ठरव. खाली 'तुझा दाजी' लिहायला हात धजत नाही. तो मान ताईमुळे होता.

शेखर