दोघींच्या वाट्याचा शोक

हा-सेकेते, लेसोथो
१४ जून

ती. लिसेबो आउसीस,
शि. सा. न. वि. वि.

शोकात असलेल्या माणसाने पळावं का? मोहापीकाकांनी काल चारचौघांत मला हे विचारलं आणि मी म्हटलं, विचार करून सांगते. काका म्हणाले की विद्यापीठात इतकी वर्षं काय शेळ्या राखत होतीस.

बाबांना जाऊन दोन महिने झाले. आईचा काळा पोशाख आणि आपल्या दोघींच्या खांद्यावरची काळी पट्टी ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी उतरवायची ठरली आहे. त्या दिवशी सगळ्या लेकरांची डोकी भादरावी लागतात. एक जरी नसलं तरी कोणाचंच काळं उतरत नाही. आणि नेमकी त्याच आठवड्यात तुझी ऑलिंपिकची मॅरेथॉन. काकांचं म्हणणं, काळं वागवणाऱ्याने हळू चालावं, अंधाराच्या आत घरी यावं, आनंदाच्या गर्दीत जाऊ नये. तू धावलीस तर लोक म्हणतील, पोरगी बापाच्या मातीवरून पळाली.

मला वाटतं तू धावावंस. पण नुसतं वाटून काकांचं समाधान होत नाही. आई कोणाचीच बाजू घेत नाही.

तिकडे आपला मक्याच्या पिठाचा पापा मिळतो की भातावरच दिवस काढतेस? जेवत जा. आमची माया तुला ठाऊक आहे, म्हणून ती इथे लिहीत नाही.

तुझी धाकटी बहीण,
पुलेंग


सराव शिबिर
२ जुलै

चि. पुलेंगास,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. मी परत येते. प्रशिक्षकांना सोमवारी सांगणार आहे.

रागावू नकोस. बाबा मक्याचं पोतं घोड्यावर टाकून गिरणीला निघायचे आणि मी अनवाणी मागून धावायचे. वाटेतले लोक विचारायचे की घोडा एक आणि शिंगरू दुसरंच, हे कसं. बाबा म्हणायचे, शिंगरू पुढे गेलं की कळेल. गेल्या ऑलिंपिकमध्ये मी शेवटून दुसरी आले, तरी बाबा गावभर सांगत फिरले की माझ्या मुलीच्या मागेही एक माणूस होतं. अशा माणसाचं काळं माझ्यामुळे अडून राहावं, हे मला झेपणार नाही. मी चौतिसाची झाले. पुढची ऑलिंपिक माझी नाही, हे कळूनच लिहिते आहे.

आईला सांभाळ. काकांशी वाद घालू नकोस. तू जिंकलीस तर ते आठवडाभर जेवत नाहीत.

तुझी,
लिसेबो


हा-सेकेते
१३ ऑगस्ट

ती. आउसीस,
शि. सा. न. वि. वि.

एकोणिसावी! मागे किती जणी होत्या ते मोजायला बाबा हवे होते. आईला गर्दीत बसता येत नाही, म्हणून दुकानदाराने टीव्ही खिडकीकडे फिरवला आणि ती रस्त्यापलीकडे एकटी, ब्लँकेट गुंडाळून बसली. तू एकेकीला मागे टाकलंस की काका तिला ओरडून सांगत. पट्टी उतरवायची मोकळीक होती तरी तू बनियनवर लावलीसच. काका म्हणाले की काळं कापड इतक्या जोरात जाताना त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

फोनवर तुला एवढंच सांगितलं की दिवस पुढे गेला आहे, तू पट्टी काढून धाव. तो कसा गेला ते ऐक. पूर्वी पुरुष दूर खाणीत कामाला अडकले की घरची बहीण त्यांच्या वाट्याचं काळं वागवायची. मी काकांना म्हटलं की भावाचं चालतं तर बहिणीचं का नाही. लिसेबो येईपर्यंत दोघींचा शोक मी पाळीन, आणि एकीचीही चूक होऊ देणार नाही. काकांनी तपकिरीची डबी उघडली, मिटली. मग आईच बोलली. म्हणाली, लिसेबो कामावर गेली आहे, भावजींनी एवढं समजून घ्यावं. काकांना मान हलवावीच लागली. हिवाळा सरून घाटातलं बर्फ वितळलं आणि पाहुणे आले की, सप्टेंबरच्या शेवटी, सगळ्यांचं काळं एकदम उतरेल.

गावातल्या मुली आता पाण्याला जाताना शर्यत लावतात. हंडे फुटतात, आया तुझ्या नावाने बोटं मोडतात. मला मात्र फार बरं वाटतं.

लवकर ये. तुझी माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
पुलेंग

ता. क. फोनवर तू माझ्या पदवीदानाची तारीख विचारलीस, मी विषय बदलला. ते १४ सप्टेंबरला आहे, काळं उतरायच्या आधी. आपल्या घरातली मी पहिली पदवीधर, आईला मला झग्यात पाहायचं होतं. पण तिथे गाणी, टाळ्या, जयघोष. दोघींचं काळं घेऊन मी त्यात उभी राहू शकत नाही. पदवी टपालाने येईल. झगा मी काल परत करून आले.