वजनाच्या टेबलावरून निरोप

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी बातमी सांगते, खुशाली मागाहून. तुझ्या गावाहून आमच्या गावी थेट विमान सुरू होतंय! आमचीच स्वस्तातली कंपनी. आतापर्यंत एवढ्या लांब फक्त मोठी धूडं जायची, तीही मोठ्याच शहरांना. आता नवं लहान विमान आलंय. मधे एकच वाट, दोन्हीकडे तीन-तीन खुर्च्या, पण पोटात इंधन भरपूर. त्यामुळे आपल्यासारख्या आडगावांनाही कोणी विचारू लागलंय.

तेव्हा तुझी सबब संपली. मागच्या खेपेला त्या अवाढव्य विमानतळावर तू विमान बदलताना चुकलीस, रडकुंडीला आलीस आणि पुन्हा म्हणून विमान बदलणार नाही अशी शपथ घेतलीस. त्याला नऊ वर्षं झाली. आपण नुसत्या फोनवर भेटतोय. आता तुझ्या भाचीचं लग्न बावीस मेला आहे. तिचा झगा तूच शिवणार हे ती पाळण्यात होती तेव्हाच ठरलंय, पण तो अंगावर चढवून टाचण्या लावायलाही तूच हवीस. तू नाही आलीस तर ती जुन्याच कपड्यात उभी राहीन म्हणते, आणि ती माझी मुलगी आहे, खरंच राहील.

मी वजनाच्या टेबलावर बसते हे तुला ठाऊकच आहे. विमान कुठूनही सुटो, माणसं, सामान, इंधन मिळून किती भार न्यायचा ते इथून ठरतं. तुझं वजन मी आधीच धरलंय, आता ते वाढवू नकोस.

कळावे. माया पोस्टाने पुष्कळ पाठवलीस, या वेळी स्वतः घेऊन ये.

तुझी चिमणी

१९ मार्च

चि. चिमणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचताना हातातली कात्री तशीच राहिली आणि एका गिऱ्हाइकाची बाही बोटभर आखूड झाली. त्याचा दोष तुझ्याकडे.

खालच्या मजल्यावरचे चष्मेवाले मला घाबरवून सोडतात. म्हणाले, एवढंसं विमान समुद्र ओलांडणार, पाय ठेवायला जागा नाही, पांघरूण विकत, पाणीसुद्धा विकत. मी विचारलं, हवा तरी फुकट देतात ना? आणि ठणकावून सांगितलं की त्या विमानात किती भार घालायचा ते माझी धाकटी बहीण ठरवते, तिच्या शब्दाशिवाय ते जागचं हलत नाही. तेव्हा स्वतःचाच चष्मा पुसायला लागले. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते. मापं घेताना माणूस पळून जाऊ शकत नाही.

लहानपणी तुझं मी कधी म्हणून ऐकलं नाही. तू खिडकी लाव म्हणालीस की मी दार पण उघडायची. पण या वेळी ऐकते. येते. मात्र थेट विमानानेच. बदलाबदली असेल तर झगा एकटा येईल, मी नाही.

भाचीला सांग, लग्नापर्यंत जेवण बेताचं ठेव.

बाकी सगळं भेटीत. तोवर दम धर.

तुझी ताई

१८ मे, त्याच मोठ्या विमानतळावरून

चि. चिमणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र मीच तुझ्या हातात देणार आहे. समोर बोलायला लागले की तू मधे तोंड घालतेस, म्हणून लिहून ठेवते.

काल आम्ही गेटपाशी रांगेत होतो. झगा माझ्या हातावर, बाळासारखा. तेवढ्यात तिथल्या मुलीने सांगितलं की समोरून वारा जोराचा आहे, एवढा भार घेऊन विमान पोचणार नाही, तिघांनी आपणहून थांबावं, त्यांना दुसऱ्या मार्गाने पाठवू. सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. मीही बघितलं. मग तिला विचारलं, हे ठरवलं कोणी? ती म्हणाली, वजनाच्या टेबलावरून निरोप आलाय.

चिमणे, माझा हात आपोआप वर गेला. म्हटलं, तुझा शब्द सख्ख्या बहिणीने नाही पाळायचा तर कोणी? माझ्यामागून आणखी दोन हात वर झाले. तिला म्हटलंसुद्धा, टेबलावर कळव, ताईने ऐकलं म्हणून.

दुसरा मार्ग म्हणजे हाच विमानतळ, हे तिने नंतर सांगितलं. नऊ वर्षांपूर्वीची शपथ आठवली, खोटं कशाला बोलू. पण आता माघार घेतली असती तर तुझी काय शोभा राहिली असती? तिकिटावरचा आकडा आणि पाटीवरचा आकडा जुळवत आले, दिसेल त्याला विचारलं, लाज गुंडाळून ठेवली. आता गेटसमोर बसलेय आणि पाटीवरून नजर काढत नाही. तुला फोन केला नाही, कामात असशील.

तुझ्या हाताखालची आज्ञाधारक,
ताई

१० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू पोचल्याचं कळलं. लग्नाचे फोटो सोबत आहेत. झग्याकडे बघून नवरदेव स्वतःचं नाव विसरला होता, ते फोटोतही दिसतंय.

आता एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी टेबलावर मी नव्हतेच. लग्नासाठी रजेवर होते. निरोप माझ्या जागी बसलेल्या आमच्या टकलूने पाठवला होता. त्यानेच घरी फोन करून सांगितलं की झगा घेतलेली एक बाई आपणहून मागे राहिली, आणि ताईने ऐकलं एवढं बहिणीला कळवा म्हणते. मी भिंतीला टेकून आधी पोट धरून हसले, मग रडले. लग्नात तू ही गोष्ट इतक्या तोऱ्यात सगळ्यांना सांगत होतीस की माझ्याच्याने तोंड उघडवेना.

तू परत जाताना मात्र टेबलावर मीच होते. तुला दारातून निरोप दिला आणि तशीच वर जाऊन बसले. वारा पाठीमागून होता, खुर्च्या रिकाम्या होत्या, भाराला हवा तेवढा वाव होता. कोणाला उतरवायचं काही कारण नव्हतं. तरी मी आकडे पुन्हा पुन्हा तपासत होते. एक बाई जड होतेय असं कुठून तरी निघतंय का, ते बघत होते.

निघालं नाही. जाऊ द्या म्हणून कळवलं.

कळावे. लोभाला आमच्या टेबलाची मर्यादा नाही, तेव्हा भरभरून ठेव.

तुझी चिमणी