टिटवीची चौदावी फ्रेम

३ एप्रिल, रवि.

स्वतःच्या हातानं केलेलं, आजपर्यंतचं: फोटो मोठे छापायचा एन्लार्जर एक (दूध भुकटीचा मोठा डबा, साठचा बल्ब, भिंग जुन्या प्रोजेक्टरचं). तिपाईचं डोकं एक, सायकलच्या हबपासून, दोन दिवस घासून. तसूभर हलत नाही. पाखरांना न दिसता बसायचं लपण एक: चार बांबू, जोडीदार बसवअप्पांच्या किराणा दुकानातली अकरा पोती, शिवण माझी. फिल्म भरायची काळी पिशवी, दोन बाह्यांची. माळावरची सिमेंटची थाळी, काठ उतरता, पिल्लू पडलं तर चढून यावं म्हणून. यातलं काहीही कुणी शिकवलेलं नाही. तेवीस वर्षं घड्याळं उघडतो, त्याच नजरेनं हे.

कॅमेरा माझा, लांब लेन्स अप्पांची. बटण कुणीही दाबो, फोटोखाली नावं दोघांची. सहा वर्षांपासूनचा करार, तोंडी.

आज मुरुडच्या अलीकडचा माळ. थाळीत दोन घागरी ओतल्या. आसपास दुसरं पाणी नाही, ओढ्यात नुसती वाळू. माळटिटवीची चार अंडी, खडीत खडीसारखी. नर-मादी आळीपाळीनं थाळीत पोट भिजवतात आणि ओल्या पिसांनी अंड्यांवर बसतात, उन्हानं शिजू नयेत म्हणून. तासात पाच खेपा मोजल्या. लपण पंधरा फुटांवर सरकवलं.

अप्पा म्हणाले, "शंकरराव, ही टिटवी तुमच्यापेक्षा बरी. खेपा करते, पण लिहून ठेवत न्हाई."

१० एप्रिल, रवि.

आजचा दिवस नीट लिहायचा.

माळावर पोचलो स. ६.१०. तीन अंडी फुटलेली, चौथं गार. पिल्लं वाळून उभी, आता पळतील की मग. टिटवीची पिल्लं घरट्यात थांबत नसतात, दुपारपर्यंत माळभर पांगतात.

पद्धत नेहमीची. दोघांनी मिळून लपणाकडे जायचं, मी आत शिरायचं, अप्पांनी एकट्यानं निघून जायचं. पाखराला दोन मोजता येत नाहीत. माणूस गेला असं समजून ते परत येतं. जाणाऱ्यानं मुद्दाम हात हलवत, मोठ्यानं बोलत जायचं. हे काम अप्पांना छान जमतं.

आत बसलो तर फिल्म अडकलेली. दोन्ही हात काळ्या पिशवीत, मान खाली, दहा मिनिटं तरी. बाहेरून अप्पा: "झालं का?" मी म्हणालो, पिल्लं हलता कामा नयेत, माझी फिल्म मंद आहे, शटर सेकंदाच्या १/३० च्या वर नेता येत नाही. हललं की गेलं.

"हाव. न्हाई हलायची," म्हणाले. मग थोडी शांतता. मग बोलत बोलत निघाले, मोटारसायकल लांब गेल्याचं ऐकू आलं.

अकरा मिनिटांत मादी आली. पोट ओलं, पाणी टपकतंय. पिल्लांवर उभी राहिली आणि दोन्ही पंख अर्धे उघडले. सावली धरली. तिन्ही पिल्लं त्या सावलीत. चाळीस मिनिटं जागची हलली नाहीत. आई ओरडली की पिल्लं दबून बसतात हे ठाऊक होतं, पण इतका वेळ? मी कधी पाहिलं नव्हतं. कुणी पाहिलं असेल असंही वाटत नाही.

फ्रेम १४: ती सरळ लेन्सकडे बघते. १/३०, लेन्सचं भोक ११ वर. श्वास धरला होता.

८.३० ला अप्पा न्यायला आले. म्हणाले, "तुम्ही सामान बांधा, मी पिल्लं बघून येतो." येताना त्यांच्यामागे बसून गात होतो म्हणे. मला आठवत नाही.

१४ एप्रिल, गुरु.

फिल्म धुतली. न्हाणीघराच्या खिडकीला घोंगडी, दुपारी. १४ धारदार. डोळ्यातली बुबुळाची कड दिसते. दाणा नाही. लोक वेगवान फिल्म घेतात आणि मग वाळूसारखे दाणे छापतात. मी घेत नाही.

प्रिंट धुवायला चार पाणी लागतात. टँकर तीन दिवसांनी. बायको, कमल, दारात उभी: "टिटवीला पाणी, टिटवीच्या फोटूला पाणी. माणसांनी काय करायचं ते एकदा लिहून ठेवा तुमच्या वहीत." दोन पाण्यांत भागवलं.

संध्याकाळी पोस्टकार्ड-प्रिंट अप्पांना दाखवली. गिऱ्हाईक ताटकळत ठेवून लई वेळ बघून राहिले. कपाळावरची विभूती घामानं ओघळलेली. म्हणाले, "आमची माय खुरपायला जायची तवा पदर असाच धरायची माझ्यावर." नाव ठेवलं 'सावली'. नाव अप्पांचं.

१ मे, रवि.

'सावली'ला पहिला नंबर.

नव्या जिल्ह्याच्या कचेरीतलं फोटोंचं प्रदर्शन. कचेरी अजून भाड्याच्या इमारतीत, पाटीच्या रंगाचा वास गेलेला नाही. काल-परवापर्यंत एका शिक्क्यासाठी उस्मानाबाद गाठायचो, आज इथंच भिंतीवर आपलं नाव. खरं तर दोघांची. अप्पा धुतलेलं धोतर, टोपी नवी.

परीक्षक नांदेडचे स्टुडिओवाले रहीमभाई. चाळीस वर्षं धंद्यात. फोटोसमोर चष्मा काढून, नाक लावून उभे राहिले. मग मला म्हणाले, "उस्ताद कौन तुम्हारा?" मी म्हणालो, कोणी नाही. "माशाल्ला," म्हणाले.

बायका येत होत्या, डोक्यावर घागरी तशाच. टँकरच्या रांगेतून उठून. एक जण बराच वेळ उभी राहिली आणि शेजारणीला म्हणाली, "बघ गं, पाखरू हाय पण किती कळतंय." हे ऐकलं ते बक्षिसाहून जास्त.

कलेक्टर साहेबांनी जाहीर केलं, हा फोटो नव्या इमारतीच्या दर्शनी भिंतीवर लागणार. दुष्काळात जिल्हा जन्मला, त्याला हीच खूण. वीस बाय चोवीस इंच हवा. आधी रहीमभाई महिनाभर नांदेडला लावणार. त्यांनीच छापून देतो म्हटलं. नको म्हणालो. माझं निगेटिव्ह दुसऱ्याच्या हातात जात नाही.

७ मे, शनि.

एन्लार्जर आडवा करून भिंतीवर छापलं. मधल्या पिल्लाच्या पायाशी पांढरी रेघ. केसाएवढी, पायापासून एका खड्यापर्यंत.

निगेटिव्हवर केस असणार. ब्रशनं झटकलं. भिंग पुसलं. परत छापलं. रेघ तिथंच. एक मोठा कागद वाया.

ओरखडा नाही. ओरखडा असता तर काळा छापला असता.

जेवलो नाही. कमलला वाटलं, उष्णता.

८ मे, रवि.

अप्पांना निरोप पाठवला, आज माळावर नको, डोकं दुखतं.

१३ आणि १५ छापल्या, तेवढाच भाग. दोन्हींत रेघ. १५ मध्ये किंचित वेगळ्या कोनात. डाव्या पिल्लालाही एक. उजव्याचा पाय आईमागे, पण खड्याला बांधलेलं टोक दिसतं.

शेवटी घड्याळाचं भिंग डोळ्याला लावून प्रिंटवर बसलो. रेघेच्या खाली, अर्ध्या सुताच्या अंतरावर, दुसरी रेघ. काळी. सगळ्या खड्यांच्या सावल्या ज्या बाजूला, त्याच बाजूला.

केसाला सावली पडत नाही.

दोरा आहे. पुड्या बांधायचा पांढरा दोरा.

मी पंधरा फुटांवर बसून चाळीस मिनिटं बघत होतो. मी. लोकांच्या घड्याळातली तुटलेली केसाएवढी स्प्रिंग मी नुसत्या डोळ्यांनी शोधतो.

९ मे, सोम.

अप्पांचा सोमवारचा उपास. दुकानात गर्दी नव्हती. प्रिंट पुढ्यात ठेवली. त्यांनी बघितली आणि पहिल्यांदा दुकानाचं दार लोटून घेतलं.

त्यांचे शब्द, जसेच्या तसे: "दहा मिनटं म्हणून बांधली हो. तुमी आतून म्हणलात, हललं की गेलं. ती तर पळून राहिली होती. एक पकडलं की दुसरं. तुमचं सहा वर्षाचं सपान हाय मला ठाऊक. मग म्हणलं, बांधावं जरा, सैल."

सोडली का, विचारलं.

"सोडली की."

तिन्ही?

तराजूचं पारडं धरून राहिले. मग: "दोन सोडली. तिसरं दिसलंच न्हाई. आई डोक्यावर टोची मारून राहिली. वाटलं, दोरा तोडून गेलं असंल. तुमी इकडून हाका मारून राहिलात, अप्पा चला, अप्पा चला. गात होतात. मग कसं सांगू?"

हा माणूस दुकानाच्या पत्र्यावर चिमण्यांना रोज ज्वारी टाकतो. मुंगीवर पाय पडला तर शिव शिव म्हणतो. एखादा शिकारी असता तर मला समजलं असतं.

उठलो तेव्हा म्हणाले, "चहा तरी."

१० मे, मंगळ.

एकटा गेलो. एस.टी.नं, पुढं चालत. लपणाच्या चार खुंट्यांची भोकं सापडली. तिथून पंधरा फूट, फ्रेममधला तिरका दगड खूण.

खडा सापडला. दोरा बांधलेला. दुसऱ्या टोकाला फास, फासात पाय. काडेपेटीच्या काडीहून बारीक, गुडघ्यापासून खाली. बाकी काही नाही. मुंग्यांनी एक महिना काम केलेलं.

गाठ बघितली. दुहेरी. अप्पांची पुडीची गाठ, मी ओळखतो. सैल होती हे खरं. पिल्लू ओढत गेलं असेल तशी आवळत गेली असेल.

थाळी कोरडी. दोन रविवार आम्ही आलोच नव्हतो. आधी प्रदर्शन, मग माझं डोकं. लांबून एक टिटवी ओरडत होती, तीच की दुसरी, सांगता येत नाही. बाटलीतलं पाणी थाळीत ओतलं. तळसुद्धा भिजला नाही.

"हलता कामा नयेत" हे मी म्हणालो होतो. १० एप्रिलच्या पानावर माझ्याच अक्षरात आहे.

१५ मे, रवि.

सकाळी अप्पांचा हॉर्न, नेहमीच्या वेळी, दोनदा. गेलो नाही. खिडकीतून दिसलं, मागच्या सीटला पाण्याच्या दोन्ही घागरी बांधलेल्या. पाच मिनिटं थांबले आणि एकटेच गेले.

कमलला परवा सगळं सांगितलं. तिचं म्हणणं: "त्यांनी दोरा बांधला, तुमी डोळे बांधून घेतले. आता दोघं मिळून निस्तरा." मी म्हणालो, कचेरीत जाऊन नंबर परत करतो. ती म्हणाली, "आन् अप्पांचं नाव? बाजारात बसायचंय त्यांना."

कचेरीतून शिपाई येऊन गेला. भिंतीचं माप घेतलंय, फोटो कधी?

अर्ज लिहायला घेतला. 'सदर छायाचित्र' इथपर्यंत आलो.

२१ मे, शनि.

काल नांदेड. एस.टी.त पाच तास, मोठी प्रिंट गुंडाळी करून मांडीवर. ठरवलं होतं, आधी परीक्षकाला सांगायचं. नंबर त्यांनी दिला, परत त्यांनीच घ्यावा.

रहीमभाईंनी प्रिंट टेबलावर पसरली, कोपऱ्यांवर लेन्सा ठेवल्या. मी बोट दोऱ्यावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. खडा, पाय, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "वो तो मैं पैलेच दिन देखा, मियाँ."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकतोय.

"छोटे प्रिंटमें भी दिखता था. नाक लगाके देखा ना मैं. शादी के फोटूमें दुल्हन की आँख खोलता मैं ब्रशसे, ये तो धागा है. बैठो, पाँच मिनट का काम." आणि खरंच ब्रश काढला, राखी रंग थुंकीनं भिजवला.

मी त्यांचा हात धरला. वयानं मोठा माणूस, पण धरला.

नंबर का दिला मग, विचारलं. म्हणाले, "माँ तो सच्ची खड़ी थी ना वहाँ. उसको किसने बांधा था?" परतीच्या गाडीत हाच विचार. ती खरी होती. पाणी खरं, सावली खरी. पिल्लं पळू शकत नव्हती म्हणून ती तितका वेळ उन्हात उभी राहिली, हेही खरंच.

गादीमागे एक गृहस्थ बसले होते, मला वाटलं गिऱ्हाईक. सोलापूरचे, कॅलेंडर छापतात. रहीमभाईंनी त्यांना याच फोटोसाठी थांबवून ठेवलं होतं. त्यांनी सगळं ऐकलं आणि तरी पिशवीतून छापील करारनामा काढला. दोरा आमचा आर्टिस्ट बुजवेल, म्हणाले, तुम्ही चिंता करू नका.

प्रिंट गुंडाळून परत आणली. सध्या कपाटावर आहे. अर्ज 'सदर छायाचित्र'पाशीच. उद्या रविवार. अप्पांना नांदेडचं काही माहीत नाही, आणि आमच्या तोंडी करारानं निगेटिव्ह अर्धं त्यांचं. मी त्यांना न विचारता बोललो.

ऑफर अशी होती: निगेटिव्ह कायमचं कॅलेंडरवाल्यांचं, खाली आम्हा दोघांची नावं, पैसे जागेवर. नको म्हणालो. तीन हजार रुपये, अर्धे अप्पांचे.