मक्या माणसाळला

शनिवार, ६ जानेवारी २००७. शॉमबर्ग, अमेरिका.

नवीन वर्षाचा संकल्प. थोडा उशिरा, पण पक्का. हिमानी परत येईपर्यंत मक्याला माणसाळवायचं.

मक्या म्हणजे तिचा साप. कॉर्न स्नेक, म्हणून मक्या. बिनविषारी. अजून पिल्लूच, जाडीने बुटाच्या नाडीएवढा, पण माज नागोबाचा. टँकचं झाकण उघडलं की शेपटी थरथरवतो, मान मागे खेचतो आणि चावतो. हिमानी म्हणायची, तो रागावलेला नाही, घाबरलाय. ती झूऑलॉजीची एम.एस्सी., पण एच-फोर व्हिसावर, म्हणजे माझी बायको म्हणून आलेली; इथे नोकरी करता येत नाही. दिवसभर घरी. म्हणून सप्टेंबरमध्ये हा आणला. मी म्हटलं होतं, या घरात एक तर साप राहील, नाहीतर मी. विनोद होता. तिला कळला असणार.

दिवाळीनंतर भावाच्या लग्नाला पुण्याला गेली. लग्न झालं. मग आईचे गुडघे. मागच्या महिन्यात म्हणाली, परतीचं तिकीट कॅन्सल केलं. शहाणी आहे. फेब्रुवारीत स्वस्त मिळतं. ती आली की एअरपोर्टवर कोटाच्या खिशातून मक्या काढून दाखवायचा. चेहरा बघण्यासारखा होईल.

ऑफिसात सात जणांची टीम हँडल करतो मी. बुटाची नाडी कोण लागून गेली?

मंगळवार, ९ जानेवारी

पहिला प्रयत्न. पूर्ण आत्मविश्वासाने वरून हात घातला. अंगठ्याला चावला. रक्त आलं, पण अगदी थोडं. ऑफिसातल्या प्रतापला सांगितलं, कांदा चिरताना सुरी लागली. तो म्हणाला, तू कांदा कधीपासून चिरायला लागलास?

नेटवर वाचलं. वरून हात आला की त्याला घार आल्यासारखं वाटतं. हात बाजूने आणि हळू न्यायचा. त्याआधी आपल्या वासाची सवय करायची, म्हणजे वापरलेला कपडा आत ठेवायचा. कालचा बॅडमिंटनचा टी-शर्ट ठेवला. मक्या दिवसभर लाकडाखालून बाहेरच आला नाही. बहुतेक डोस जास्त झाला.

शनिवार, १३ जानेवारी

कॉलिंग कार्डवरून हिमानीला फोन. मक्या खातो का, पाणी बदलतोस का. माझी चौकशी नाही. मी व्यवस्थित असणार हे तिला माहीतच आहे.

हल्ली किती शांत बोलते. पहिल्या वर्षी काय भांडायची बाप रे. दिवसभर भिंतींशी बोलते म्हणायची, आणि संध्याकाळी आणखी एक भिंत घरी येते. रडणं, भांड्यांची आदळआपट. मी मात्र एका शब्दाने उलट बोललो नाही. टीव्हीचा आवाज वाढवायचो, बास. मागच्या उन्हाळ्यापासून सगळं बंद. एक तक्रार नाही. रुळली. प्रतापला तेव्हाच सांगितलं होतं मी, संसारात सबुरी लागते, हळूहळू शांत होतात.

मक्यासाठीही हेच धोरण. आजपासून घरचं ऑफिस टँकशेजारी. नुसतं बसायचं, त्याला आपली सवय होऊ द्यायची. लॅपटॉपसाठी तिथला कुठलासा प्लग काढून जागा केली. घराचं हीटिंगही खाली आणलं. एकट्याला कशाला हवं? मी स्वेटर घालतो.

बुधवार, १७ जानेवारी

आज मक्या चावला नाही.

पुन्हा लिहितो, आज मक्या चावला नाही. शेपटी नाही, मान नाही, काही नाही. सगळ्या बातम्या संपेपर्यंत माझ्या मनगटावर होता. हललासुद्धा नाही. हिमानीला फोटो ईमेल केला. सब्जेक्ट: विश्वास.

उत्तर आलेलं नाही. तिकडे नेट स्लो असतं.

रविवार, २१ जानेवारी

प्रताप आणि प्रतिमा जेवायला आले होते. प्रतिमा म्हणजे प्रतापची बायको, हिमानीची इथली एकुलती एक मैत्रीण. जेवणाआधी मक्याचा कार्यक्रम ठेवला. मनगटावर राखीसारखा बसवून दाखवला. प्रताप फिदा. प्रतिमाने हात लावला आणि म्हणाली, किती गार लागतोय रे हा. म्हटलं, थंड रक्ताचा प्राणी, सातवीत शिकवलंय आपल्याला. मग जेवताना तिचं लक्ष टँककडेच.

मक्याने या आठवड्यात उंदीर खाल्ला नाही. (उंदीर फ्रीजरमध्ये असतात, मटारच्या पिशवीमागे. मी मटार सोडलाय.) हिमानीची आठवण येत असेल त्याला. मलाही हल्ली जेवण जात नाही, पण ते डाएट आहे.

बुधवार, २४ जानेवारी

हिमानीने स्वतःहून फोन केला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. मी धावत घेतला. प्रतिमाने तिला काहीतरी सांगितलं होतं. तिने एकच विचारलं, टँकखालची हीट मॅट गरम आहे का, हात लावून बघ.

हात लावला. बर्फ. लॅपटॉपसाठी काढलेला प्लग मॅटचाच होता.

ती म्हणाली, तो माणसाळला नव्हता, गारठला होता. त्याच्यात चावायचंही त्राण उरलं नव्हतं. चावत होता तोवर बरा होता.

हेसुद्धा ओरडून नाही. बँकेच्या काउंटरवर बोलतात तसं.

मग म्हणाली, शनिवारी प्रतिमा येऊन मक्याला घेऊन जाईल. मी विचारलं, आणि तू कधी येतेस? म्हणाली, तिकीट कॅन्सल केलं म्हणून डिसेंबरमध्येच सांगितलं होतं. म्हटलं हो, पण नवीन कधीचं काढतेस? ती म्हणाली, नवीन नाही काढणार.

प्लग लावला. लॅपटॉपची बॅटरी संपली. तिथेच बसून राहिलो.

शनिवार, २७ जानेवारी

प्रतिमा उशीचा अभ्रा घेऊन आली. म्हटलं, मीच काढून देतो. हात बाजूने नेला, हळू, सगळं नियमाप्रमाणे. मक्याने मान मागे खेचली, शेपटी थरथरवली, आणि चावला. त्याच अंगठ्याला.

इतकं बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की प्रतिमासमोर मला रडूच आलं. ती डेटॉल शोधायला लागली. म्हटलं, अगं दुखत नाहीये.

अभ्रा कोटाच्या आत धरून ती मक्याला घेऊन गेली. टँक नेला नाही, मॅटही नाही. हिमानीने तिला सगळं नवीन घ्यायला सांगितलं होतं.

मग मी हिमानीला फोन लावला. सांगितलं, मक्या चावला, ठणठणीत आहे. मॅटची चूक माझी. ती हं म्हणाली. मी म्हटलं, एकदा ओरड ना माझ्यावर. पूर्वीसारखी. मी काही करत नाहीये, टीव्ही बंद आहे.

ती म्हणाली, असू दे रे. होतं असं. तब्येतीला जप.

मॅट अजून चालूच आहे. बंद करायला हवी. हात ठेवून बसलोय.