कांडी बोलती झाली

४ मार्च

कांडी आजही मुकीच! घरच्या लॅपटॉपवर घडाघडा बोलते, आणि हॉस्पिटलच्या रेकॉर्डरूममधल्या जुन्या कॉम्प्युटरला लावली की दातखीळ बसते. माझ्या पेनड्राइव्हला रेकॉर्डरूमचे वाल्मीकदादा कांडी म्हणतात, म्हणून मीही म्हणते. आत लिनक्स भरलंय, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी अख्खी यंत्रणाच. बिघडलेला कॉम्प्युटर कांडीवरून सुरू करायचा, आणि स्क्रीनवर उमटेल ते तिने मला वाचून दाखवायचं. डोळसांसाठी अशा ढीगभर मिळतात. त्या सगळ्या गप्प.

नोंदींची डिस्क टकटक करत होती. सहा हजार पेशंट, चौदा वर्षं. आज जाईल की उद्या, असा आवाज. हॉस्पिटलच्या मॅनेजर नलिनी मॅडमनी दादांसमोरच बजावलं— "यात काही चुकलं तर गौतमी, तुला टेलिफोनवर बसवावं लागेल." सहा वर्षं इथले सर्व्हर सांभाळतेय मी!

जुन्या डिस्कवरचं सगळं नव्या डिस्कवर उतरवायचं होतं. दादांनी स्क्रीन वाचली, टाइप मी केलं. दोन्ही डिस्कची नावं सांगून झाल्यावर म्हणाले, "ताई, परत एकदा वाचू का?" डोकंच फिरलं. म्हटलं, मी आंधळी आहे, बहिरी नाही.

तीन तासांनी काम संपलं. विचारलं, "आल्या का नोंदी?" दादा माउस टिकटिकवत राहिले. मग— "झालंय ताई. तुमी जावा घरी."

९ मार्च

सापडलं! कांडीचा आवाज मॉनिटरच्या वायरीत जातोय, आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नाही. म्हणजे ती त्या दिवशीही बोलत होती. कुणाला ऐकू येत नव्हतं एवढंच. बाहेरून लावायचं छोटं साउंडकार्ड मागवलंय.

१३ मार्च

भिंतीपलीकडे दादा जेवणाच्या सुट्टीतही कीबोर्ड बडवतायत. एवढं काय टाइप करायचं असतं? पूर्वी दिवसाला दोन-तीन नव्या नोंदी व्हायच्या. मी दारात गेले की टाइपिंग थांबतं. कागद सरकवल्याचा आवाज, मग काहीच नाही. "काय न्हाई ताई, जुनं आवरतोय."

आवरणारा माणूस श्वास रोखून बसत नाही.

१९ मार्च

आज थोडक्यात निभावलं.

माझ्या घरमालकीण धोंडाबाई मावशी पायाला विळा लागला म्हणून आमच्या हॉस्पिटलात टाके घालून घ्यायला आल्या. एका इंजेक्शनने त्यांचा घसा सुजतो, २०१९ साली त्यातून कशाबशा वाचल्या. तेव्हापासून आमच्याकडे तशी नोंद आहे. आज डॉक्टरांनी विचारलं, तर नोंदच नाही. तेच इंजेक्शन भरून तयार होतं. मावशींनीच हात धरला डॉक्टरांचा.

"म्या शुद्धीवर व्हते म्हनून बरं," म्हणाल्या. "नसते तर?"

२१ मार्च

नर्सला पुन्हा बघायला सांगितलं. मावशींची नोंद आहे! परवा नव्हती, आज आहे.

रेकॉर्डरूममध्ये एकच माणूस बसतो. मला भीती वाटतेय, आणि ती दादांची वाटतेय याची लाज वाटतेय.

२६ मार्च

नलिनी मॅडमना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्या कॉम्प्युटरला शेवटचा हात तुझा लागलाय. उद्या कुणीही म्हणेल, हिला दिसत नाही, हिच्याकडूनच काहीतरी झालं."

हेच. नेहमी हेच! टेबलावर येऊन लेखी तक्रार टाइप केली— वाल्मीकदादा नोंदींमध्ये फेरफार करतात. स्क्रीन रीडरने ते वाक्य मला वाचून दाखवलं. पुन्हा एकदा ऐकलं. तरी पाठवली.

७ एप्रिल

दादांना काढलं. मॅडमनी कारण विचारलं तर म्हणे त्यांनी फक्त चाव्या टेबलावर ठेवल्या.

जाताना माझ्या टेबलापाशी थांबले. "ताई, तुमची कांडी बोलाया लागली का?"

अजून नाही म्हटलं.

"लागंल. तवा नीट आइका तिचं." आणि त्यांच्या गावची, रिह्याची एसटी गाठायला गेले.

धमकी होती का ती? संध्याकाळपासून तेच डोक्यात घोळतंय. मावशींनी विचारलं, जेवत का न्हाईस?

१० एप्रिल

बोलली! रेकॉर्डरूममध्ये, त्याच कॉम्प्युटरवर! साउंडकार्ड आजच आलं. आधी टुंग, मग स्वच्छ आवाज. पहिल्यांदा त्या खोलीत मला कुणाचे डोळे उसने मागावे लागले नाहीत. एकटीच हसत बसले.

मी टाइप केलेलं सगळं आणि स्क्रीनवर आलेली प्रत्येक ओळ कांडी स्वतःत साठवते. मीच तशी बनवलीय. म्हणजे ४ मार्चचंही आत आहे, आणि हे मला आज सुचतंय. स्क्रीनवर काय होतं आणि दादांनी मला काय सांगितलं, ते उद्या ताडून बघेन.

११ एप्रिल

चार वेळा ऐकलं. दादांनी वाचलेली दोन्ही नावं मला आठवतात, स्क्रीनवरही तीच होती. उलटी टाइप केली ती मी. कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरवली. सहा हजारांतली एकही नोंद राहिली नाही.

डिस्कवर आज जुन्या पेशंटच्या अकराशे नोंदी आहेत, पहिली ५ मार्चला टाइप केलेली, मावशींची २० मार्चला. दादांच्या टेबलावर हात फिरवला. जुन्या केसपेपरांचे गठ्ठे, एका गठ्ठ्यात खुणेला पट्टी घातलेली. तिथपर्यंत टाइप करून झालं होतं.

बाकीच्या चार हजार नऊशे कागदावरच आहेत. कागद मला वाचता येत नाही.