बाजल्याभोवती

गुंजी, माघ, १९८४

आप्पा, पत्ता ठाऊक नाही, तरी नमस्कार.

रिकामी जागा ओढते का? एमएस्सी होऊनही मला याचं उत्तर देता येत नाही.

दीर्घिकांच्या कडेचे तारे फार वेगानं फिरतात. दिसणारं वस्तुमान त्यांना धरून ठेवायला पुरत नाही, तरी ते सुटून जात नाहीत. पोकळीतही कण सतत उपजतात आणि विरतात, मग ही ओढ पोकळीचीच असेल का, असं मी सरांना विचारलं. ते म्हणाले, "कल्पना चांगली आहे, पुरावा आण."

मला आपलंच घर आठवलं. तुम्ही गोव्याच्या गाडीत बसून गेलात, तेव्हापासून सोप्यातल्या तुमच्या बाजल्यावर कोणी बसत नाही. पाहुणेसुद्धा वळसा घालून जातात. कोणी नसताना ते करकरतं, आणि आई हातातलं काम टाकून दार उघडते.

परवा भरमूकाका आले. "बारा वर्सं मानूस परतला न्हाय की त्येचा दर्भाचा पुतळा जाळायचा, आन् बायकूचं कुंकू पुसायचं. रीतच हाय."

मी नको म्हटलं, पोकळीलाही ओढ असते म्हटलं, तर हसले. "लई शिकलीस गं! आता पोकळीला बाप म्हनतीस व्हय?"

तेवढ्यात बाजलं करकरलं. आई दाराकडं धावली आणि उंबऱ्यातच मटकन बसली. "दमले गं मी," म्हणाली.

आज सकाळी तुमच्या पुतळ्याला मीच अग्नी दिला. घरी येऊन आईच्या कपाळावर पुन्हा कुंकू लावलं, आणि सगळ्यांदेखत तिला तुमच्या बाजल्यावर बसवलं.

तुमची,
शेवंता